डावी बाजू सैल ठेव

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला: ‘आजी, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना जरा हसवा.’ गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. त्यातल्या एकदोन सांगते, आणि मग जी गोष्ट इतकी वर्षं मनात घर करून बसली आहे ती सांगते. ती हसायची नाही. संपादकांना नको वाटली तर त्यांनी ती पानं उटण्याच्या जाहिरातीला द्यावीत, माझा राग नाही.

मी शिंपीण. माहेर अंबाजोगाईचं. निजामाच्या राज्यात त्याला मोमिनाबाद म्हणायचे आणि तिथल्या छावणीत माझे वडील पलटणीचे कपडे शिवायचे. मुलीला चार अक्षरं यावीत असं त्यांना वाटलं म्हणून मला लिहिता येतं, नाहीतर हे लिहायला कुणाला तरी धरावं लागलं असतं आणि त्याने त्यात नक्की स्वतःची अक्कल घातली असती. लग्न होऊन मी नेकनूरला आले. आमचे हे बाजारात मशीनवर बसून पैरणी आणि शेरवान्या शिवायचे. चोळ्या माझ्याकडे. सगळी हातशिलाई. चोळीला मशीन लावलेलं मला अजून खपत नाही.

आताच्या मुली दुकानात उभ्या राहून टेपाने माप देतात. तेव्हा बऱ्या घरची बाई दुकानाची पायरी चढत नसे. पाटील-देशमुखांच्या घरी तर गोशा, म्हणजे पडदा. ती आपली अंगची एक जुनी चोळी पाठवायची, सोबत खण, आणि त्या मापाच्या चोळीवरून आम्ही नवी बेतायची. बटण नाही, हूक नाही. छातीला दोन बाजू, पाठीला पट्टी, आणि पुढे दोन पदर, ते छातीखाली बांधायचे. चूक लपायला कुठे जागाच नाही. शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. बाई भरली की ती शिवण उसवून चोळी वाढवून द्यायची.

एका जुन्या चोळीवरून बाईबद्दल इतकं कळतं की सांगायची सोय नाही. कोण कोणत्या हाताने दळते, कोण पोराला कोणत्या कडेवर घेते, कुणाचं अन्न तुटलं आहे, सगळं. मी कधी कुठे बोलले नाही, म्हणून माझ्याकडे गिऱ्हाईक टिकलं. एका सावकाराच्या बायकोला बाह्या इतक्या घट्ट लागायच्या की नागपंचमीच्या दिवशी तिचे हात निळे पडले आणि मला बोलावून बाही कापावी लागली. बाई ढसाढसा रडत होती. हातासाठी नव्हे, खणासाठी. एक म्हातारी देशपांडीण दर वर्षी तिच्या विसाव्या वर्षीची चोळी मापाला पाठवायची आणि नवी अंगाला आली नाही की म्हणायची, ‘किसना, तुझा हात बिघडला गं.’ मी म्हणायचे, ‘व्हय आजी, बिघडलाय.’ दोघींनाही खरं ठाऊक होतं.

झाल्या गमती.

आमच्यापासून कोसभरावर एक वाडी. तिथले बापूराव पाटील, शांत माणूस, चार शब्दांत दिवस काढणारा. घरात त्यांची आई, तिला सगळे थोरल्या बाई म्हणत. पाटलांची बायको गोदाबाई, ती धाकल्या बाई. आणि त्यांची एकुलती लेक अनुसया, तिचं लग्न ठरलं होतं. गोदाबाई चाळिशीला टेकलेली. अनुसयेनंतर कूस उजवली नव्हती, आणि थोरल्या बाईंनी त्यासाठी एक देव सोडला नव्हता.

थोरल्या बाई तरुणपणीच विधवा झालेल्या. शेतीभाती, गडीमाणसं सगळं त्यांच्याच हुकमात. बाई कडक, पण एक मात्र सांगते, स्वतःचे नियम त्या आधी स्वतःला लावायच्या. घरात हळदीकुंकू असो की कुणाची ओटी भरणं असो, कुणी सांगायच्या आत उठून दाराआड जाऊन उभ्या राहायच्या. तिथूनच मग ‘तांदूळ कमी पडले,’ ‘नारळाची शेंडी तिकडं करा,’ असे हुकूम सुटायचे.

आषाढात धाकल्या बाईंची मापाची चोळी आली. मोलकरणीबरोबर निरोप होता: डावी बाजू सैल ठेव. ठेवली. चोळी द्यायला मी स्वतः गेले, तर ओसरीवर थोरल्या बाई डाळ निवडत बसलेल्या. त्यांनी चोळी हातात घेऊन उलटी केली.

‘ही बाजू कावून वाढिवली?’

‘धाकल्या बाईंनी सांगितलं.’

त्यांनी चोळी मांडीवर ठेवली आणि डाळीचं सूप बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, ‘दोन म्हैने झाले, ती बाहेर बसली न्हाई.’ तेव्हा विटाळ आला की बाई बाजूला बसायची, त्यामुळे नाही बसली तर ते साऱ्या घराला दिसायचं. आणि भरलेल्या बाईची चोळी आधी छातीला घट्ट होते हे कुणालाही विचारा.

मी म्हटलं, ‘पर येकच बाजू?’

‘कुनाकुनाला येका बाजूनं आधी भरतं. माझं बी तसंच झालतं बापूच्या येळंला.’

मला ते पटलं. का पटू नये? मी पोटुशी बायकांच्या चोळ्या वाढवण्यातच अर्धा जन्म घालवला होता. थोरल्या बाईंनी त्याच दिवशी हिरवा खण काढून दिला. चोरचोळीचा.

हल्लीच्या वाचकांना सांगते. तिसऱ्या महिन्यात, बाहेर कुणाला कळायच्या आत, गर्भारणीला हिरवी चोळी घालतात आणि घरातल्या घरात ओटी भरतात. दृष्ट लागू नये म्हणून गाजावाजा नाही, वाजंत्री नाही. म्हणून ती चोरचोळी. मी ती फार मन लावून शिवली. काठ जुळवायला दोनदा उसवली.

श्रावणात बोलावणं आलं. पाटलांच्या भावकीतल्या दोन जावा, अनुसया आणि मी, एवढ्याच. थोरल्या बाई दाराआड. चोळी अंगाला नीट बसवून द्यायचं काम शिंपिणीचं, म्हणून आतल्या खोलीत मी आणि गोदाबाई दोघीच होतो. मी डावी बाजू सारखी करायला गेले आणि बोटांना काहीतरी लागलं. कठीण. भरलेली छाती कशी लागते ते मला ठाऊक होतं. हे ते नव्हतं. जात्यातला खडा भाकरीत यावा तसं ते मध्येच होतं.

मी हात मागे घेतला. गोदाबाईंनी माझं मनगट धरलं.

‘दुखत न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘दुखत न्हाई म्हून मी बी काय बोलले न्हाई.’

‘कवापासून हाय?’

‘संक्रांतीला चोळी बदलताना लागली व्हती.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘किसना, आज काय बोलू नको. बारा-तेरा वर्सांनी माझी कुनी लेकराची वटी भरतंय. खरं असंल बी. पोटात बी असंल अन् हे बी असंल.’

मी चोळीचे पदर बांधले. बाहेर जाऊन त्यांनी ओटी घेतली. चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

भादव्यात त्या बाहेर बसल्या. घर म्हणालं, पोटातलं गेलं. काही गेलं नव्हतं, काही नव्हतंच. त्या वयात विटाळ मागेपुढे होतो. पण थोरल्या बाईंनी सुतक धरल्यासारखं तोंड बंद केलं, आणि गोदाबाई नसलेल्या लेकरासाठी खरंखरं रडल्या. आता ती गाठ घरात सांगावीच लागली. मीच थोरल्या बाईंना सांगितलं, धाकल्या बाईंच्या देखत. वाटलं, सुटले.

थोरल्या बाई म्हणाल्या, ‘दूध साकळलंय. लेकराचं आलं व्हतं, लेकरूच न्हाई, मंग जाईल कुटं ते?’

एकदा गर्भ मानला की दूध मानावंच लागतं. सुईण आली. एरंडाची पानं तापवून बांधली, ओव्याचा शेक, मेथीचा लेप. दिवाळी आली आणि गेली. थोरल्या बाई पहाटे उठून स्वतः पानं तोडून आणायच्या, स्वतः शेकायच्या. त्यात कुचराई कधी झाली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. माया नसती तर एवढे दिवस वाया गेले नसते.

दिवाळीनंतर मी पुन्हा पाहिलं. वरचं कातडं आत ओढलं गेलं होतं. कापडात एक दोरा ओढला गेला की भोवती चुण्या पडतात, तशा. लेपाने चुण्या जात नसतात.

गोदाबाई नवऱ्याला सांगेनात. ‘त्यांना कसं सांगू गं असलं?’ थोरल्या बाई म्हणत, बायकांचं दुखणं बायकांत. पाटलांना एवढंच माहीत की बायकोचं पोटातलं गेलं आणि ती कण्हते. एक दिवस मी त्यांना ओसरीवर एकटं गाठलं. पदर पुढे ओढला, अंग चोरून कडेला बसले, आणि गाठोड्यातून गोदाबाईंची मापाची चोळी काढून त्यांच्यापुढे ओसरीवर पसरली. पाटलिणीच्या अंगाबद्दल पाटलाशी बोलायचं कसं? मी बोललेच नाही. पानाच्या तबकातली एक सुपारी उचलली, चोळीच्या डाव्या बाजूखाली ठेवली आणि कापडावरून बोट टेकवलं.

पाटील पुढे वाकले. ‘हे काय हाय, बाई?’

‘धाकल्या बाईंच्या हितं हाय. दूध न्हाई ते. संक्रांतीपासून हाय.’

पाटलांनी हात पुढे केला. आपल्या मोठ्या रापलेल्या बोटाने त्यांनी कापडावरून ती सुपारी चाचपली, एकदा, दोनदा. मग हात तसाच चोळीवर राहिला आणि ते माझ्यादेखत रडू लागले. गडी अंगणात होते, त्यांची तमा केली नाही. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी जे वाटलं ते आदराच्या पलीकडचं आहे.

त्यांनी बीडच्या हकिमाला आणलं. हकीमसाहेबांनी पडद्याआडून नाडी पाहिली, गाठ कशी आहे ते माझ्या तोंडून ऐकलं आणि हात जोडले. म्हणाले, हे माझ्या औषधाचं काम नाही, इंग्रजी हद्दीत मिशनचा दवाखाना आहे, तिथे बाई डॉक्टर आहे, ती कापून काढते. कापायचं म्हणताच घरात आग पेटली.

थोरल्या बाई म्हणाल्या, ‘कापून आनलेली बाई मांडवात कशी बसंल? व्यंग झाल्यावर कन्यादानाला हात लावता येत न्हाई.’

पाटील म्हणाले, ‘मंग लगीन पुढं ढकलू.’

पण अडून बसल्या त्या गोदाबाईच. ‘लेकीचं लगीन वैशाखात हुनार. तिचा हात माझ्या हातानं दीन. मंग काय कापायचं ते कापा.’ पाटलांनी हात जोडले, अनुसयेने पाय धरले. बाई हलेना. एवढी मऊ बाई, पण त्या गोष्टीत दगड झाली होती. तिच्या लेखी मरण एका बाजूला आणि लेकीच्या लग्नात दाराआड उभं राहणं दुसऱ्या बाजूला. थोरल्या बाईंना दाराआड उभं राहिलेलं तिने वीस वर्षं पाहिलं होतं.

मला बोलावलं तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, ‘बाई, व्यंग दिसलं तर व्यंग. मी चोळी अशी शिवते की कुनाच्या बापाला कळनार न्हाई.’

‘शिवून दाखीव,’ त्या म्हणाल्या. ‘दिसली तशी, तर जाते.’

झालं, बसले शिवायला. आधी कापूस भरून पाहिला. कापूस हलका, चोळी त्या बाजूने वर चढायची. चिंध्या भरल्या तर ढेकळासारखं दिसायचं. शेवटी पाटलांच्याच कणगीतली बाजरी मागून घेतली. मऊ धडुत्याची, जुन्या लुगड्याची, थैली केली, बाजरी भरली, वरून कापसाचा पातळ थर दिला आणि चोळीला आतून खिसा जोडला. बाजरी अंगाप्रमाणे हलते, वाकलं की वाकते, आणि थोड्या वेळाने अंगाची ऊब घेते. उजवीकडे खऱ्याच्या जागी कणकेचा गोळा घालून मी ती चोळी घराच्या खांबाला बांधून पाहिली आणि आमच्या ह्यांना विचारलं, कोणती बाजू खोटी? त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. खोटी डावीकडे होती. आयुष्यात ह्यांच्या चुकीचा एवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

गोदाबाईंनी थैली हातात धरली, वजन केलं. ‘आपल्याच रानातली?’ म्हणाल्या, आणि उठून पेटी भरायला लागल्या.

पौषात निघालो. पाटील, गोदाबाई, सोबतीला मी, आणि छकड्याला पडदे. थोरल्या बाई निरोपाला बाहेर आल्या नाहीत. मांजरसुंब्याला बैल सोडले, भाकरी खाल्ली, पुढे पाटोद्याच्या वाटेला लागलो. खडकाळ माळ, हाडं मोडणारा रस्ता. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. शिपायाने माझं गाठोडं उकललं आणि थैली दाबून पाहिली.

‘अम्मा, इसमें क्या है?’

‘बाजरी.’

‘इत्तीसी? चिमन्यांकू डालने लेको जा रै क्या?’

पडद्याआड गोदाबाई हसल्या. मोठ्याने, खळखळून. शिपाई चपापला आणि त्याने गाडी सोडली. त्या वर्षात मी त्यांना हसताना ऐकलं ते तेवढंच.

दवाखान्यातली मड्डम गोरी, उंच, मराठी पुस्तकातल्यासारखं बोलायची. तिने तपासलं, काख चाचपली, हात धुतले आणि पाटलांना बाहेर न पाठवता दोघांना समोर बसवून सांगितलं, ‘तुम्ही उशिरा आलात. मी गाठ काढीन. परंतु तिची मुळे काखेत गेली आहेत. ती सर्व निघतील असे वचन मी देणार नाही.’

गोदाबाईंनी विचारलं, ‘वैशाखापर्यंत मी ऱ्हाईन का?’

‘राहाल,’ ती म्हणाली. ‘त्यापुढचे मला माहीत नाही.’

‘मंग काढा.’

मी माझी चोळी तिला दाखवली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि मला दोन गोष्टी शिकवल्या, त्या मी जन्मभर वापरल्या. हात बरेच दिवस वर जाणार नाही, म्हणून मुंढा, बाही जोडतो तो घेर, मोठा ठेव. आणि शिवण जखमेवर येऊ देऊ नको, बाजूला घे. मी तिथेच बसून चोळी उसवून पुन्हा शिवली. पाटील व्हरांड्यात बसून होते. कुणी हटकलं तर म्हणायचे, बायकोची छाती कापायला आणलीय. ज्या माणसाने बायकोचं नाव चारचौघांत कधी घेतलं नाही, तो आता ओळखपाळख नसलेल्यांना हे सांगत होता. त्याला कुणीतरी ‘बरं होईल’ म्हणायला हवं होतं. एका माळ्याने म्हटलं. त्याची बायको तिथे बरी होत होती. मग दोघे पुरुष तंबाखू मळत बसून राहायचे, फार न बोलता. आधार म्हणून पाटलांना त्या परमुलखात मिळाला तो एवढाच, आणि त्यांना तो पुरला.

वैशाखात लग्न झालं. गोदाबाई पाटलांच्या शेजारी पाटावर बसल्या, अनुसयेचा हात आपल्या हाताने दिला. मी बायकांत बसून फक्त चोळी बघत होते. मग विहिणींची गळाभेट आली. विहीण अंगाने दांडगी, आणि तिने गोदाबाईंना कवळा मारून छातीशी असं आवळलं की मी जागची अर्धी उठले. बाजरी दबली, सरकली आणि जागेवर आली. विहीण म्हणाली, ‘लई वाळल्यात की तुमी, ईनबाई.’ बस. कुणाला कळलं नाही. मला अभिमान वाटला तो लपवत नाही, अजूनही वाटतो. दाराआड थोरल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं, आणि मान खाली घातली.

श्रावणात पुन्हा निरोप आला. या वेळी डावी बाही सैल कर. हात सुजत होता. बाहीच्या शिवणीत होतं तेवढं कापड मी सोडलं. पुन्हा निरोप, पुन्हा सोडलं. मग जादा कापड उरलंच नाही, तेव्हा काखेत वेगळा तुकडा जोडला. चोळीची ही भाषा आता घरात सगळ्यांना वाचता येत होती. पाटील पुन्हा मड्डमकडे जाऊन आले. तिने दुखणं कमी करायचं औषध दिलं, दुसरं काही दिलं नाही.

थोरल्या बाई दिवसभर सुनेचा तो जड हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायच्या. तेल लावायच्या, वारा घालायच्या. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘आमी दूध साकळलं म्हून बसलो गं.’ गोदाबाई डोळे मिटून होत्या. त्या म्हणाल्या, ‘आत्याबाई, मला बी तेच खरं वाटावं वाटत व्हतं.’

मार्गशीर्षात गेल्या.

मी पोचले तेव्हा न्हाऊ घालून झालं होतं. आता जावांनी ती कापलेली बाजू पाहिली होती आणि त्यांच्यात कुजबुज सुरू होती. सवाष्ण गेली की तिला हिरवं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. थोरल्या बाईंनी पेटीतून हिरवी चोळी काढून ठेवली होती. तीच, चोरचोळी. एकदाच अंगाला लागलेली. सुजलेल्या हाताला बाही चढेना, मी ती उसवली. मग खिशासाठी दोरा ओवला आणि थैली हातात घेतली. कुणी काही म्हणायच्या आत तिला पूर्ण करायची होती.

ओटीचं सूप एका जावेच्या हातात होतं. ती पुढे येईना. ‘कापलेल्या बाईची वटी भरावी का न भरावी, इचारा कुनाला तरी,’ ती म्हणाली. दुसरीने पदर तोंडावर घेतला. अनुसया सासरहून अजून पोचायची होती.

थोरल्या बाई दाराआडून बाहेर आल्या. त्या खोलीत ओटीच्या वेळी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली थैली घेतली.

‘किसना, हे आता कशाला?’

‘बाई, लोकं बघतील.’

‘बघू दे.’

त्यांनी थैलीचा टाका दातांनी तोडला. गोदाबाईंच्या पदराचा ओचा स्वतः सारखा केला, आणि ओंजळीने बाजरी त्यात भरायला लागल्या. थोडी सांडत होती. जावांकडे वळून म्हणाल्या, ‘माझ्या सुनंची वटी मी भरते. कुनाला काय म्हनायचं असंल तर आत्ता म्हना.’

जावेने हातातलं सूप त्यांच्यापुढे ठेवलं. दारात पाटील उभे होते. थोरल्या बाईंनी नारळ ठेवला, शेंडी सुनेच्या बाजूला केली, आणि तिथेच खाली बसल्या.

बाजरीने भरलेली ओटी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, पुढेही पाहिली नाही. चोळीचे पदर मी बांधले. डावी बाजू सैल पडली होती, ती मी तशीच ठेवली.